शिळ्या भाकरीचा कुटका

"बाई, तुमची शेवभाजी पाण्यागत झाली," सुमननं कँटीनच्या दारात सगळ्यांसमोर माझी अब्रू काढली. "आमचं मालक म्हणालं, ही भाजी हाय का आंघोळीचं पाणी?"

चहाला थांबलेल्या बायका फिदीफिदी हसल्या. मला हसू आलं नाही. स्वयंपाकाच्या बाबतीत मी आधीच हळवी.

"वाटणात कुटका घातलास का?" मी विचारलं.

"कसला कुटका?"

"शिळ्या भाकरीचा. तव्यावर खरपूस भाजायचा आणि कांद्या-खोबऱ्याबरोबर वाटायचा. त्यानंच तर रस्सा दाट होतो. स्वच्छ लिहिलं होतं मी."

"न्हाई बाई. असलं काय बी नव्हतं. मी दोनदा वाचलंय."

मी तरातरा फळ्याकडे गेले. माझं अक्षर, माझा खडू. सगळं जिथल्या तिथं होतं. फक्त कुटक्याची ओळ गायब. तिच्या जागी ओल्या बोटांनी पुसल्याचे फराटे वाळून गेले होते. वरची ओळ शाबूत, खालची शाबूत. ज्यानं पुसलं त्यानं नेमकं तेवढंच पुसलं होतं.

त्याला आता पंचवीसेक वर्षं झाली. इचलकरंजीच्या बाहेर आमची सूतगिरणी होती आणि मी तिच्या टाइम ऑफिसात हजेरी बघायचे. गिरणीतल्या बायका मला नुसतं बाई म्हणायच्या, पुरुष भोकरेबाई. फाटकातून आत आलं की डाव्या हाताला कँटीन, समोर माझी खिडकी, आणि दोन्हींच्या मधल्या भिंतीवर एक काळा फळा. पूर्वी त्यावर युनियनच्या सूचना असत. मग युनियनचे दोन गट झाले, फळा ओस पडला आणि मी तो बळकावला. गुरुवारी आम्हाला सुट्टी. शुक्रवारी सकाळी मी आठवड्याचं लिहायचे. आठवड्यातली एखादी बातमी, तिच्यावर माझा शेरा. टीव्हीवरच्या मालिकेतली सून एवढे दागिने घालून झोपते कशी, असला एखादा प्रश्न. नोकरी करणाऱ्या बाईनं घरी गेल्यावर पाच मिनिटं पाय पसरून बसणं हा गुन्हा नाही, असं काहीतरी. आणि उजव्या कोपऱ्यात एक पदार्थ. खरं सांगायचं तर माझं शहाणपण कमी वाचलं जायचं आणि तो कोपरा जास्त. बायका वाचायच्या, साहेब वाचायचे, कापसाच्या गाठी घेऊन येणारे ट्रक ड्रायव्हरसुद्धा चहाचा पेला हातात धरून वाचत उभे राहायचे.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मला स्वयंपाक येत नाही. तेव्हाही येत नव्हता. घरी सासूबाई भाकरी टाकायच्या म्हणून आमचं भागत होतं. माझा डबा मी खिडकीशी पाठ करून एकटीनं खायचे, नाहीतर लताच्या डब्यात हात घालायचे. फळ्यावरचे पदार्थ लताचे होते.

लता पवार आठेक महिन्यांपूर्वी सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात लागली होती. उभट चेहरा, खाली बघून बोलायची सवय. डाव्या हाताची दोन बोटं वाकडी, पण त्या हातानं सूत जोडायला लागली की बघत राहावं. बोटांचं विचारलं तर म्हणाली, जन्मापासूनची आहेत. लहान मुलीला घेऊन गिरणीमागच्या चाळीत खोली करून राहायची. नवऱ्याचं नाव तिनं कधी काढलं नाही आणि मीही विचारलं नाही. गाव सोलापूरकडचं म्हणायची. हाताला चव अशी, की डब्याचं झाकण उघडलं की शेजारच्या टेबलावरचे लोक मान वर करायचे. मी विचारायचे, ह्यात काय घातलंस, ती सांगायची. शुक्रवारी ते फळ्यावर जायचं, 'एका मैत्रिणीच्या डब्यातून' म्हणून. नाव मी लिहीत नसे.

तर पहिला संशय कँटीनवाल्या दिनकरवर. कारण त्याच्या आमटीत आपलं तोंड दिसतं असं मी फळ्यावर लिहिलं होतं.

"दिनकर, माझ्या फळ्याला हात का लावलास?"

तो कढईतनं भजी काढत होता. त्यानं झारा बाजूला ठेवला.

"बाई, पुसायचंच असतं तर माझ्या आमटीची ओळ पुसली असती की. ती तशीच हाय बघा. रोज चार माणसं मला वाचून दाखवत्यात."

खरंच होतं ते. आमटीची ओळ तशीच होती. मग सुमन? पण भाजी तिचीच बिघडली होती. स्वतःच्या ताटात माती कोण कालवेल? मला आठवलं, त्याच्या आधीच्या आठवड्यात कळण्याची भाकरी लिहिली होती, ज्वारी आणि काळे उडीद एकत्र दळून करतात ती, तेव्हाही दोन शब्द पुसट झाले होते. कुणाचा तरी खांदा घासला असेल म्हणून मी सोडून दिलं होतं. आता माझं डोकं भणभणायला लागलं. माझा स्वभाव मुळातच संशयी. आमच्या घरी दूधवालासुद्धा मला घाबरून असतो.

शुक्रवारच होता, मी त्याच सकाळी शेवभाजी पुन्हा लिहिली. 'गेल्या वेळची दुरुस्ती' असं वर ठसठशीत लिहिलं, मैत्रिणीच्या डब्याचं तेवढं रागाच्या भरात राहून गेलं. आणि कुटक्याच्या ओळीसाठी लाल खडू घेतला, तो साखरेच्या पाण्यात बुडवून ठेवला होता. शाळेत आम्ही सुविचार असाच लिहायचो. साखरेचा खडू कोरड्या हातानं निघत नाही. ओलं फडकं घेऊन घासावं लागतं, आणि घासणाऱ्याच्या अंगावर लाली राहते.

खिडकीतून नजर ठेवायची ठरवलं होतं, पण नेमकं साहेबांनी आत बोलावलं. मी परत आले तर फळ्यावर ओला काळा पट्टा. ओळ गेलेली.

जेवणाच्या सुट्टीत मी एकेकीचे हात बघत फिरले. सुमनचे बघितले, दिनकरचं फडकं बघितलं. मग लता डबा घेऊन माझ्यासमोर बसली आणि पदर सावरायला तिनं हात वर केला. पदराचं टोक ओलं होतं. लाल.

मी हातातला घास डब्यात परत ठेवला. लता? अगं, हिच्यावर तर मी जीव टाकत होते.

सगळ्या गेल्यावर मी तिला डबे धुवायच्या नळावर गाठलं.

"तूच सांगतेस आणि तूच पुसतेस? हा कुठला न्याय?"

"मी नाही पुसलं, बाई."

"पदर बघ तुझा."

तिनं पदराकडे बघितलं आणि नळ मोठा सोडला. पाण्याच्या आवाजात माझा आवाज बुडावा असं तिला वाटत असावं.

"तुला लिहिलेलं नको होतं तर तोंडानं सांगायचं. लोकांची भाजी बिघडवायची, मला तोंडघशी पाडायचं, हे कशाला?"

"शेवभाजी लिहा बाई. पाहिजे तेवढी लिहा. भाकरीचं लिहू नका."

"का?"

ती खाली बघून डबा घासायला लागली.

"का गं? तुमच्या घराण्याचा खजिना आहे का तो?"

"बाई, पाया पडते. नका लिहू." आणि ती खरंच वाकायला लागली. मी मागे सरकले.

मला तिची कीव यायला हवी होती. मला अजून संशय आला. भाकरीच्या कुटक्यासाठी कुणी पाया पडतं का? संध्याकाळभर मी एकेक गोष्ट जुळवत बसले. ही सोलापूरची म्हणते, पण शेंगाची चटणी म्हटलं की गप्प. एकदा दळणाच्या चक्कीत बोट सापडता सापडता राहिलं तेव्हा तोंडून निघालं होतं 'माय वं'. सोलापूरला असं कोण म्हणतं? बँकेत खातं काढायला नको म्हणते. गिरणीच्या स्नेहसंमेलनात सगळ्यांचा फोटो निघाला तेव्हा ही संडासात जाऊन बसली. बाई काहीतरी करून पळून आली आहे, माझी खात्री पटली. दागिने? की अजून काही वाईट? आणि मी हिच्या डब्यातलं रोज खाते.

शनिवारी सकाळी मी एक मूर्खपणा केला. सुमनला दाखवून द्यायचं म्हणून स्वतः शेवभाजी करायला घेतली. जाड शेव नव्हती म्हणून बारीक घातली, सुकं खोबरं नव्हतं म्हणून ओलं. शिळी भाकरी सासूबाईंनी म्हशीला घातली होती, म्हणून पावाचा तुकडा वाटला. तिखट फार झालं, तेव्हा गूळ टाकला. डब्यात भरताना सासूबाईंनी विचारलं, "हे काय आहे?" मी झाकण लावून टाकलं. गिरणीत येऊन तो डबा टेबलाच्या खणात ढकलला आणि सुमनला काही म्हणून बोलायचं नाही असं ठरवलं.

फळ्याजवळून येताना बघितलं तर गंमत झाली होती. पाणी वाळल्यावर लाल ओळ पुन्हा वर आली होती. साखरेचा खडू तो, ओल्या पदराला दाद देत नाही. फिकट, पण प्रत्येक अक्षर लागत होतं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. पूस म्हणावं आता किती पुसतेस ते.

दुपारच्या आधी गाठींचा एक ट्रक आला. जळगावकडचा. गाठी उतरवायला घेतल्या आणि ड्रायव्हर चहाचा पेला घेऊन फळ्यासमोर उभा राहिला. स्वच्छ कपडे, तेल लावून बसवलेले केस. तो वाचत होता आणि मी खिडकीतून बघत होते. चहाला साय आली तरी तो हलेना. मग त्यानं बोट लावून लाल ओळ वाचली, एकेक शब्द. दिनकरला काहीतरी विचारलं. दिनकरनं माझ्याकडे हात दाखवला.

"नमस्कार, ताई." खिडकीशी येऊन त्यानं हात जोडले. "मी साहेबराव. फळा तुम्हीच लिहिता का?"

"हो. का?"

"छान लिहिता. शेवभाजी आमच्याकडची शे. इकडं कोणाला माहीत नाही." तो हसला. "तो भाकरीचा कुटका तुम्हाला कोणी सांगितला?"

मी सांगायला तोंड उघडलंच होतं. पण सवयीनं उलटा प्रश्न टाकला. "का बरं? सगळेच घालत असतील की तुमच्याकडे."

"कोणी नाही घालत. आमच्या पूर्ण गावात एकच बाई घालायची. तिच्या आईकडून शिकलेली." त्याचा आवाज मऊ झाला. "माझी बायको शे ती, ताई. वर्ष झालं, घरातून निघून गेली. पोरीला घेऊन गेली. डोक्यानं जराशी कमी आहे, औषध चालू होतं. कुठं असेल, काय खात असेल, मला झोप नाही लागत. गाडी जिथं जिथं जाते तिथं तिथं मी विचारतो."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं वाटत नव्हतं. मी म्हटलं, आता कळलं. आजारी बाई, भ्रमिष्ट, लहान पोर घेऊन परक्या गावात राहते, फळे पुसत हिंडते. सगळं जुळत होतं. हिला घरी पोचवणं हेच पुण्याचं काम. आणि तरीही माझी जीभ रेटेना. का ते सांगता येत नाही. एवढी पंधरा वर्षं खिडकीत बसून माणसांच्या उशिराची कारणं ऐकली होती. पाठ केलेलं कारण मला ऐकू येतं.

"दिसायला कशी आहे?" मी विचारलं.

"उंच. सावळी. आणि एक खूण शे, चटकन ओळखू येईल. डाव्या हाताची दोन बोटं वाकडी आहेत."

"जन्मापासून का?"

"नाही, नाही. दारात सापडली." तो पेला खिडकीच्या कठड्यावर ठेवत म्हणाला, अगदी सहज, घरातलं सांगावं तसं. "ऐकतच नव्हती त्या दिवशी."

 मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तिथं काहीच नव्हतं. दुसरं वाक्य पहिल्याला कसं चिकटलं आहे, हे त्याला कळलंसुद्धा नव्हतं.

"असं," मी म्हटलं. "बसा ना. चहा गार झाला तुमचा, दुसरा सांगते."

"बसतो की. तशाही गाठी उतरायला वेळ शे. पाळी सुटली की बायका इथूनच जातात ना? बघतो म्हणतो एकदा."

मी हसून हो म्हटलं आणि टेलिफोन उचलला.  वाइंडिंग खात्याच्या मुकादमाला म्हटलं, "भोकरे बोलते. पवारबाईंची आज डबल पाळी लावा. खात्यातून हलवू नका, चहासुद्धा आतच पाठवा. साहेबांचं काम आहे." साहेबांना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. साहेबराव माझ्याकडेच बघत होता, पण पवार नावाच्या बाया काय, ढिगानं असतात.

पण एवढ्यानं भागणार नव्हतं. हा आज जाईल, पुढच्या खेपेला परत येईल. चाळीत विचारेल, किराणा दुकानात विचारेल. त्याच्या मनातून ती ओळच पुसायला हवी होती.

मी खण उघडला.

"त्या कुटक्याचं विचारत होतात ना," मी डबा काढत म्हटलं, "ते माझंच डोकं. माझ्या हातची आहे ही. खाऊन बघा."

"तुमच्या हातची?"

"मग? फळ्यावर काय उगाच लिहिते का मी?"

झाकण उघडलं. बारीक शेवेचा लगदा झाला होता. वर ओल्या खोबऱ्याचा चोथा तरंगत होता. तेवढ्यात सुमन बॉबिनची टोपली घेऊन चालली होती, ती थबकली आणि डब्यात डोकावली. मी मनात म्हटलं, झालं, ही बाई आता बोलणार की पदार्थ लताचे असतात. पण सुमनला डब्यातलं बघूनच सगळं विसरायला झालं.

"बाई, हे तुम्ही केलंय?"

"मीच केलंय, सुमन. रोज मीच करते."

साहेबरावनं चमचाभर तोंडात घातलं. चावायचं थांबला. मग गिळलं, मोठ्या माणसाची लाज राखावी तसं.

"ह्यात गूळ शे का?"

"गुळाशिवाय भाजी असते का?"

"आणि कुटका?"

"पावाचा. भाकरी म्हणजे पाव. शहरात शिळी भाकरी कुणाकडे असते? फळ्यावर भाकरी लिहिलं की वजन येतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मीही बघत राहिले. मग त्याच्या खांद्यातला ताण गेला आणि तो हसला. त्या हसण्यात तुच्छता होती आणि मला जन्मात कुणाच्या तुच्छतेनं एवढं बरं वाटलं नाही.

"ताई, राग नका मानू. आमच्याकडं ह्याला शेवभाजी म्हणत नाहीत."

"आमच्याकडे म्हणतात," मी म्हटलं आणि डबा ओढून त्याच्यादेखत उरलेली भाजी शेवटच्या घासापर्यंत खाल्ली.

पाळी सुटेपर्यंत तो फाटकाशी रेंगाळला, पण नुसता सवयीनं. बायका गेल्या. ट्रक गेला. मी वाइंडिंगला गेले तेव्हा लता मशीनवर होती. मी काही सांगितलं नाही. फळा ओल्या फडक्यानं तीनदा घासला, एवढंच म्हटलं. तिनं मशीन थांबवलं नाही. पण त्या वाकड्या बोटांनी धागा जोडताना दोनदा चुकली.

त्यानंतर बारा वर्षं मी फळ्यावर एकही पदार्थ बरोबर लिहिला नाही. थालीपिठात साखर, भरितात दूध, काय वाट्टेल ते. साहेबराव दोन-तीनदा येऊन गेला, वाचून हसून गेला. भोकरेबाई लिहितात झकास पण हाताला चव नाही, हे गिरणीत ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. दिनकरनं तर आमटीचा सूड म्हणून ते आल्या-गेल्याला सांगायचा वसा घेतला. बायका फळा वाचून हसायच्या आणि मग जेवणाच्या सुट्टीत लताभोवती कोंडाळं करायच्या. ती खालच्या आवाजात खरं काय ते सांगायची. तिच्या मुलीनं नर्सिंगचा कोर्स केला. मी का असं लिहिते, हे लतानं मला कधी विचारलं नाही. मात्र माझ्यापुरता वेगळा एक डबा रोज माझ्या टेबलावर यायचा.

मग एका शुक्रवारी मी खडू घेऊन फळ्यासमोर उभी असताना ती मागे येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले होते, पण मान वर होती.

"बाई, काल माझा भाऊ येऊन गेला. पत्ता त्या एकट्यालाच ठाऊक होता, तेरा वर्षांनी भेटला."

मी खडू खाली घेतला. "बरा आहे?"

"हो. सांगायला आला होता. घाटात पोरीच्या बापाचा ट्रक उलटला म्हणे, जागीच गेला. महिना झाला."

 वाईट झालं असं तोंडातून निघेना आणि बरं झालं असं म्हणवेना. ती फळ्याच्या उजव्या कोपऱ्याकडे बघत राहिली.

"आज शेवभाजी लिहा," ती म्हणाली. "भाकरीच्या कुटक्यासकट."

"लिहू? नक्की?"

"लिहा. आणि खाली नाव घाला."

"लता पवार?"

तिनं मान हलवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती माझ्या डोळ्यांत बघून बोलली.

"ते नाही बाई. माझं. कोकिळा."

मी तिला थांब म्हटलं, दिनकरकडून वाटीभर पाणी आणि साखर मागून घेतली, आणि लाल खडू त्या वाटीत बुडवून ठेवला.